जत्रेतलं शहर

माझी भाची सिव्हिल इंजिनिअर झाली आणि म्हणाली, "मामू, मला नगर नियोजनात एम.टेक. करायचंय." हाती आलेली नोकरी सोडायची म्हटल्यावर घरात वाद पेटला. मी बी.ए. झालेला कवी. मीही बोलून गेलो, "बेटा, आपल्या गडचिरोली जिल्ह्यात शहरं तरी किती?"

तिनं वाद घातला नाही. महाशिवरात्रीला मला मार्कंड्याला घेऊन गेली. वैनगंगा इथं उत्तरवाहिनी होते, काठावर मार्कंडेश्वराचं कोरीव देऊळ. एरवी लहानसं गाव. जत्रेत शहरच उभं राहतं. रस्ते, बाजार, एसटीचा थांबा, मुक्काम. मी मूर्ती पाहत होतो (त्या आहेतच तशा!). ती वहीत टिपत होती: गर्दी कुठं तुंबते, पाणी कुठं, बायकांना आडोसा किती लांब. एका आजीला तिनं विचारलं, "रात्री कुठं जाता?"

"दुपारपासून पाणीच नाही पीत, बाई."

इतकी वर्षं मी जत्रेला जातो. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

परतताना तिनं पॅट्रिक गेडिस यांची गोष्ट सांगितली. हे स्कॉटिश गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याआधी होळकरांच्या इंदूरचा नगररचना अहवाल त्यांनी लिहिला. तो १९१८ मध्ये छापला गेला. तेव्हा तिथं प्लेगचं भय होतं. गेडिस यांनी जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक ना हिंदूंच्या ठरल्या वाटेनं जाईल ना मुसलमानांच्या. ज्या गल्ल्या जास्त स्वच्छ, त्यांतून जाईल. मग काय, लोक झाडू घेऊन बाहेर पडले! मला तर ही कवीची युक्ती वाटते.

नागपूरच्या व्हीएनआयटीत हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. काही संस्था भूगोल, समाजशास्त्राच्या एम.ए.नाही घेतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडे १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आहे. आराखड्याच्या मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवाव्याच लागतात. पण ती आजी नकाशा वाचून हरकत कशी लिहिणार? तिच्या बाजूनं नकाशा वाचणारं कुणी तरी हवं.

भाचीच्या अब्बांचा प्रश्न एकच: फी किती? 'गेट' परीक्षेतून प्रवेश मिळाला तर विद्यावेतन असतं, हे कळल्यावर ते जरा नरमले. नोकरीवाल्यांनी महिन्याची मुदत दिली आहे. ती वही सध्या अब्बांच्या उशाशी असते.