माप कोणाचं?



आमचा ओटा बांधताना गवंड्याने उंची विचारली ती सासऱ्यांना. त्या ओट्यापाशी तीस वर्षं उभी राहिले मी! हे आठवलं ते शिकागोतल्या एका प्रयोगशाळेबद्दल वाचताना.

तिथल्या इलिनॉय विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरीत कलावंत आणि इंजिनिअर १९७३ पासून एकत्र काम करतात. १९९२ साली त्यांनी 'केव्ह', म्हणजे गुहा, लोकांसमोर आणली. सुमारे दहा फुटांची खोली, भिंतींवर आणि जमिनीवर संगणकाची चित्रं. खास चष्मा लावला की चित्रातली वस्तू हाताशी आल्यासारखी दिसते. आपण हललो की चित्रही बदलतं. ही गुहा घडवणाऱ्या प्रमुख तिघांत कॅरोलिना क्रुझ-नेइरा ही व्हेनेझुएलात शिकून आलेली विद्यार्थिनी होती.

गुहेत अनेकजण उभे राहत, पण मूळच्या रचनेत यंत्र डोकं टिपे ते एकाचंच. चित्र त्याच्या नजरेला नीट, बाकीच्यांना तिरकं. यंत्राचा तो नाइलाज होता. आपल्या घरात, ग्रामसभेत कसला नाइलाज असतो?

डोक्यावर चढवायच्या चष्म्यांचंही तसंच. दोन भिंगांतलं अंतर आपल्या डोळ्यांतल्या अंतराशी जुळलं नाही, तर डोळे शिणतात, मळमळतं. बायकांचं हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा कमी असतं. चष्मा मोठ्या मापाचा करायचा आणि वर 'बायकांना सोसत नाही' म्हणायचं!

तेव्हा नवं काहीही दारी आलं, की आधी विचारू या: माप कोणाचं घेतलंत?