खारबांध सर्वांचा, निगा कोणाची?

(मुक्तस्रोत संगणकप्रणाली आणि वापरकर्त्यांच्या अपेक्षा या विषयावर पेण व रोहा येथील शिक्षक, विद्यार्थी आणि लघुउद्योजक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संगणकाच्या विषयावर बोलण्यासाठी मला निमंत्रण आले आणि मी आरंभ खारबांधापासून करणार आहे. आपल्यापैकी काहींना हे विचित्र वाटेल. परंतु पेणच्या खारपट्ट्यात ज्यांची भातशेती आहे, त्यांना माझे म्हणणे इतरांपेक्षा लवकर कळेल, असा मला विश्वास आहे.

खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी मातीचे बांध घातले. पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून उघाड्या बसवल्या. या बांधाचा शत्रू केवळ उधाण नव्हे. खेकडा एक बीळ पाडतो, त्यातून पाणी झिरपू लागते, माती सैल होते आणि एखाद्या अमावास्येच्या भरतीला तेथे खांड पडते. खारे पाणी एका शेतकऱ्याचे शेत पाहून शिरत नाही. ते साऱ्या शिवारात पसरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक करून जाते. म्हणूनच एके काळी बांधाची डागडुजी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन श्रमदानाने करण्याची रीत होती. त्या गटाला ‘जोळ’ म्हणत. पुढे १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींविषयी कायदा झाला, १९७९ साली महाराष्ट्राचा खार जमीन विकास अधिनियम आला आणि बंदिस्तीचे काम शासनाकडे गेले. ते योग्य झाले की अयोग्य, हा आजचा विषय नाही. आजचा प्रश्न एवढाच आहे, की ज्या बांधामागे आपण सारे निर्धास्त झोपतो, त्यातले बीळ प्रथम कोणी पाहायचे आणि पाहिल्यावर काय करायचे?

अदृश्य बंदिस्ती

आज आपल्या सर्वांच्या जीवनाभोवती अशीच एक बंदिस्ती उभी आहे. ती डोळ्यांना दिसत नाही. पेणच्या कारखान्यातून गणेशमूर्तींची मागणी परदेशातून येते, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतून मालाची बिले जातात, विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, शेतकरी सातबारा काढतो. ही सर्व वाहतूक ज्या संगणकप्रणालींच्या आधारे चालते, त्यांतील फार मोठा भाग मुक्तस्रोत आहे. म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, वापरावी, सुधारावी आणि पुन्हा इतरांना द्यावी, अशी मुभा तिच्या कर्त्यांनी दिलेली आहे.

रोह्याच्या श्रोत्यांना एक दृष्टांत देतो. दिव्याकडून आलेली मध्य रेल्वेची वाट आपल्या गावी संपते आणि तेथूनच कोकण रेल्वेचा मार्ग सुरू होतो. पण गाडीतल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण रुळांचे अंतर आणि सिग्नलांचे संकेत दोन्हीकडे जुळलेले आहेत. आंतरजालाचेही तसेच आहे. हजारो स्वतंत्र जाळी सामायिक संकेतांनी एकमेकांस जोडलेली आहेत. हे संकेत पाळणाऱ्या प्रणाली मुक्त असल्या की कोणताही अभ्यासू माणूस त्या उघडून पाहू शकतो.

घराघरांत जे राउटर नावाचे लहान यंत्र असते, त्याचेच उदाहरण घ्या. २००२ साली लिंकसिस या कंपनीने एक राउटर बाजारात आणला. त्यात लिनक्सचा वापर केलेला आहे, हे जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सच्या परवान्याची अट अशी, की प्रणाली वितरित करणाऱ्याने तिची मूळ आज्ञावलीही द्यावी. २००३ साली कंपनीला ती खुली करावी लागली आणि २००४ पासून तिच्या आधारावर ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. आज जगभरचे स्वयंसेवक तो चालवतात. निर्मात्याने टाकून दिलेली जुनी यंत्रेही त्यामुळे वर्षानुवर्षे उपयोगात राहतात.

माझीच एक चूक

येथे मला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संगणककक्षात मी अशाच मुक्त प्रणालीवर चालणारा राउटर बसवून दिला. आठवड्याभरात तक्रार आली, की काही पाने उघडतात आणि काही अर्ध्यावरच थांबतात. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचे प्रवेशाचे लहान पान दिसे, पण अर्जाचे मोठे पान येईना. मुदत संपण्यास तीन दिवस उरले होते आणि मुले रोज येऊन परत जात होती. मी चिडून त्या प्रणालीच्या कर्त्यांना लिहिले, ‘तुमची प्रणाली निकामी आहे, ती त्वरित दुरुस्त करा.’

उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. त्यात राग नव्हता. तीनच प्रश्न होते. कोणती आवृत्ती वापरता? जोडणी कोणत्या प्रकारची आहे? मूळ रचनेत तुम्ही काय बदलले? तिसऱ्या प्रश्नाशी मी अडखळलो. माहितीचे पुडके सामान्यतः १५०० बाइटांचे असते. आमच्या जोडणीत त्यातील ८ बाइट वेष्टनात जात आणि १४९२ उरत. मोठी पुडकी वाटेतच अडू नयेत म्हणून प्रणालीत एक तरतूद मुळातच केलेली होती. सुरक्षेचे नियम स्वतःच्या हाताने नव्याने लिहिताना ती एक ओळ मीच पुसून टाकली होती! ती परत घातली आणि अर्ज भरले गेले. दोष माझा होता, पण त्याचे खापर मी अशा माणसाच्या डोक्यावर फोडले होते, ज्याने माझ्याकडून एक पैसाही घेतला नव्हता आणि तरीही आपला वेळ मला दिला होता.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारू लागलो. येथे माझे नाते ग्राहकाचे आहे की भागीदाराचे? पेणच्या कारखान्यातून मूर्ती घेतली आणि वाटेत न दुखावता तिचा हात निखळला, तर कारखानदाराला जाब विचारण्याचा मला अधिकार आहे. मी किंमत मोजली आहे. पण बांधावर बीळ दिसले, तर मी जाब कोणाला विचारणार? तेथे मी ग्राहक नसून जोळातला एक आहे. मुक्त प्रणालीच्या बहुतेक परवान्यांत स्पष्ट लिहिलेले असते, की ही वस्तू आहे तशी दिली आहे आणि तिची कोणतीही हमी नाही. आपण ते न वाचताच पुढे जातो आणि अपेक्षा मात्र विकतच्या मालाची धरतो.

दोन खांडी, दोन धडे

ही अपेक्षा किती महागात पडते, याची दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण ‘ओपनएसएसएल’चे. बँकेचे किंवा शासनाचे संकेतस्थळ उघडताना आपला संदेश गुप्त राहावा, हे काम जगातील असंख्य संगणकांवर ही प्रणाली करते. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिच्या एका आवृत्तीत एक बारीक दोष राहिला. दोन संगणक एकमेकांना ‘जागा आहेस ना?’ असे विचारत. विचारणारा एक शब्द पाठवी, त्याची लांबी सांगी आणि तोच शब्द परत मागे. सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे मात्र कोणी तपासत नव्हते. चार अक्षरे पाठवून ‘चौसष्ट हजार आहेत’ असे सांगितले, की समोरचा संगणक आपल्या स्मृतीतील तेवढा मजकूर निमूटपणे देऊन टाकी. त्यात इतरांची गुप्त माहितीही असे. ७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष ‘हार्टब्लीड’ या नावाने जाहीर झाला. कॅनडाच्या कर विभागातून सुमारे नऊशे करदात्यांचे ओळखक्रमांक चोरीस गेले.

पुष्कळ डोळे पाहत असले की दोष लपत नाही, असे मुक्तस्रोताचे अभिमानी म्हणतात. ते सत्य आहे, पण डोळे खरोखर पाहत असतील तरच! जगभरच्या व्यवहारांचा भार वाहणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे दोन हजार डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. बांधामागे पीक साऱ्या जगाचे होते, पण फेरी मारणारा एकटाच होता.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. ‘एक्सझेड’ ही माहिती आकसून ठेवणारी प्रणाली फिनलंडचे लासे कॉलिन हे गृहस्थ अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने आणि विनामोबदला सांभाळीत होते. २०२२ साली त्यांच्याकडे अनोळखी नावांनी तगादा सुरू झाला. काम मंद आहे, सुधारणा स्वीकारल्या जात नाहीत, दुसऱ्याच्या हाती सूत्रे द्या, असा तो सूर होता. आपली प्रकृती ठीक नसते आणि हे काम हौसेचे आहे, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाचा एक मदतनीस पुढे आला. त्याने विश्वास संपादन केला, अधिकार मिळवले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत प्रणालीत एक चोरवाट पेरली. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे प्रवेश करून देणाऱ्या यंत्रणेलाच ती पोखरणार होती. तगादा लावणारी ती नावेही बनावट असावीत, असे जाणकार मानतात.

ही चोरवाट उघडकीस आली ती आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. संगणकात प्रवेश करण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच त्यांना जाणवले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. त्यांनी मुळापर्यंत शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. शत्रूने शस्त्र म्हणून काय वापरले, हे ध्यानात घ्या. त्याने वापरला तो वापरकर्त्यांचा उतावळेपणा. आणि जगाला वाचवले कोणी? एका वापरकर्त्याच्या जागरूकतेनेच!

अपेक्षा कोणत्या, कर्तव्ये कोणती?

याचा अर्थ वापरकर्त्याने काहीच मागू नये, असा नाही. गरजू शिक्षकाला ‘आज्ञावली खुली आहे, तुम्हीच दुरुस्त करून घ्या’ असे उत्तर देणे हा उद्धटपणाच होय. प्रकल्प चालू आहे की सोडून दिला, हे स्पष्ट सांगावे, सुरक्षेचा दोष दडवू नये, चालू असलेले मोडू नये, या अपेक्षा रास्त आहेत. लिनक्सच्या गाभ्याच्या विकासात एक दंडक पाळला जातो. नव्या बदलामुळे वापरकर्त्याची चालू प्रणाली बंद पडली, तर दोष वापरकर्त्याचा नव्हे, बदलाचा मानला जातो. त्याच लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सहकाऱ्यांशी केलेल्या कठोर वर्तनाबद्दल २०१८ साली जाहीर क्षमाही मागितली. सौजन्य दोन्ही बाजूंनी हवे.

परंतु आपल्या बाजूचे काय? चार गोष्टी सुचवतो. पहिली, दोष नीट कळवा. ‘बांध फुटला’ म्हणून भागत नाही. कोणता बांध, कोणत्या ठिकाणी, कोणत्या भरतीला, हे सांगावे लागते. तसेच आवृत्ती कोणती, काय केले, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, हे क्रमाने लिहा. सुरक्षेचा दोष असेल तर तो चव्हाट्यावर न आणता आधी कर्त्यांना खाजगीत कळवा. दुसरी, दुरुस्ती आली की ती बसवून घ्या. हार्टब्लीडची दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली होती, पण ज्यांनी ती बसवली नाही, त्यांच्यासाठी ती नव्हतीच. तिसरी, आज्ञावली लिहिता येत नसेल तर मार्गदर्शिका मराठीत लिहा, नवख्यांच्या शंकांना उत्तरे द्या. माझ्या पुसलेल्या त्या एका ओळीविषयी मी मराठीत टिपण लिहिले आणि ते इतर शाळांच्या उपयोगी पडले. चौथी, ज्यांचा व्यवसाय यावर चालतो, त्यांनी द्रव्यरूपाने काही परत करावे. ‘झेरोधा’ या भारतीय कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. लहान उद्योजकाने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे.

२०१५ साली भारत सरकारने शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. ते स्वागतार्हच आहे. पण केवळ फुकट मिळते म्हणून घेणे, याला स्वावलंबन म्हणता येत नाही. जे आपण वापरतो ते आपल्याला समजते, मोडले तर दुरुस्त करता येते आणि त्यात आपण भर घालतो, हे म्हणण्याचा दिवस येईल, तेव्हाच ते स्वावलंबन.

पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० साली याच रोह्यात झाला. त्यांच्या योगेश्वर कृषीच्या प्रयोगात गावकरी आळीपाळीने येऊन शेतात राबत, आणि ते शेत कोणा एकाचे नसे. म्हणजे आपण कोणत्याही परक्या संकल्पनेविषयी बोलत नाही. सामायिक वस्तूची निगा कशी राखावी, हे या मातीला ठाऊक आहे. त्या रीतीला आता नव्या बांधावर न्यायचे आहे.

पुढच्या वेळी आपल्या संगणकावर काही अडेल, तेव्हा संतापाचे दोन शब्द लिहिण्याआधी क्षणभर थांबा. पलीकडे कोणी एकटा माणूस दिवसभराचे काम आटोपून, कंदील घेऊन बांधावर फेरी मारत असेल. त्याला हाक जरूर मारा, पण बीळ नेमके कोठे आहे ते सांगा आणि जमले तर मातीची एक पाटी आपणही घेऊन जा.