घरच्या जुन्या संगणकाच्या जागी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला बोलावयास दिलेला विषय अध्यापनशास्त्राचा नव्हे, प्रपंचाचा आहे. तथापि यू-डायस प्लसची माहिती, निकालपत्रके, चाचणीच्या प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीच्या याद्या ही कामे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, रात्रीची जेवणे आटोपल्यावर होतात, आणि ती ज्या यंत्रावर होतात ते शिक्षकाने स्वतःच्या पगारातून घेतलेले असते. म्हणून ह्या विषयाला येथे स्थान आहे, असे मी समजतो.

निकड कशामुळे उत्पन्न झाली ते प्रथम पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार थांबविला. त्या दिवशी कोणाचेही यंत्र बंद पडले नाही. परंतु प्रणालीत सापडणाऱ्या उणिवा वेळोवेळी बुजविण्याचे जे काम कंपनी विनामूल्य करीत असे, ते संपले. घरगुती वापरासाठी नाव नोंदविणारास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली. पुढची प्रणाली विंडोज ११; तिला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, थोडे अपवाद सोडल्यास, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली. म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले, अद्याप सुरळीत चालणारे यंत्रही ह्या नियमाने एकाएकी म्हातारे ठरले. मग दुकानदार म्हणतो, “गुरुजी, हे टाकून द्या”, आणि गुरुजी पतसंस्थेचा कर्जाचा अर्ज भरावयास बसतात. त्या अर्जावर सही करण्यापूर्वी आपण काय पाहावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपले यंत्र जुने झाले आहे की नुसते मंद झाले आहे, हा भेद आधी करावा. प्रोसेसरची पिढी त्याच्या क्रमांकावरूनच कळते. आय-५ नंतर ८२५० असा चार अंकी क्रमांक असेल तर पहिला अंक आठ, म्हणजे आठवी पिढी. ४५७० असेल तर चौथी. १०२१० असा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक घ्यावे, म्हणजे दहावी. हा क्रमांक संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ ह्या सदराखाली लिहिलेला असतो. दुकानात जाण्यापूर्वी तो वहीत टिपून घ्यावा.

आता मंदपणाचे कारण. जुन्या यंत्रांत माहिती साठविणारी हार्ड डिस्क ही फिरती तबकडी असते. ती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि एक बारीकसा दांडा तिच्यावर पुढेमागे सरकून हवी ती नोंद शोधतो. कचेरीतला लेखनिक कितीही चपळ असला, तरी दप्तरखान्यातून एकेक कागद आणून देणारा शिपाई सावकाश असेल तर काम रेंगाळणारच. येथे प्रोसेसर हा लेखनिक आणि तबकडी हा शिपाई होय. एसएसडी ह्या साठवणीत फिरणारा भागच नसतो. तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसविली की चालू होण्यास चार-पाच मिनिटे घेणारे यंत्र बहुधा अर्ध्या मिनिटात तयार होते. जुन्या तबकडीवरील सर्व मजकूर तसाच्या तसा नवीन साठवणीवर उतरविता येतो. आणि यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी निगडित असल्यामुळे तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. दुकानदाराने त्याचे निराळे पैसे मागितले, तर हे शांतपणे सांगावे.

दुसरी गोष्ट रॅम, म्हणजे काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती. चार जीबीवर आजचा ब्राउझर धापा टाकतो. आठ जीबी असली की आपल्या कामास पुरते. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ ह्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून नवीन आणताना जुनी पट्टी सोबत न्यावी. २०२५ च्या अखेरीस ह्या पट्ट्यांचे भाव बरेच चढले. म्हणून मी येथे रुपयांचे आकडे देत नाही. दोन दुकानी चौकशी करावी, हे उत्तम.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी चांगली यंत्रे भंगारात जातात. संगणक सुरू करताच तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते आणि एकही संकेतस्थळ उघडत नाही, असे झाले तर आत बसविलेला सीआर २०३२ जातीचा नाण्याएवढा सेल संपलेला असण्याचा संभव मोठा. हा सेल अगदी किरकोळ किमतीत मिळतो.

आठव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे यंत्र असेल, तर एसएसडी, आठ जीबी रॅम आणि विंडोज ११ एवढ्यावर काम भागते. त्याहून जुने असेल आणि खर्च करावयाचा नसेल, तर लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली आहे. तिच्या २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे. लेखन आणि तक्त्यांसाठी तिच्यात लिब्रेऑफिस येते. ती पेनड्राइव्हवरून, यंत्रात न बसविताही चालवून पाहता येते. आपला प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचा टोकन असल्यास तो, ह्या दोहोंची परीक्षा तेव्हाच घ्यावी. तेथे अडले तर हा मार्ग सोडावा.

दुसरे यंत्रच घेणे भाग असेल, तर वापरलेले घेण्यास संकोच करू नये. मोठ्या कचेऱ्या काही वर्षांनी आपली यंत्रे एकगठ्ठा बदलतात आणि ती दुरुस्त होऊन बाजारात येतात. डेलची ऑप्टिप्लेक्स व लॅटिट्यूड, एचपीची एलिटडेस्क, लेनोवोची थिंकसेंटर व थिंकपॅड ही कचेरीसाठी बांधलेली यंत्रे. ती उघडावयास सोपी आणि बांध्याने दणकट. पिढी आठवीच्या आधीची नको, पक्के बिल आणि लेखी हमी हवी, आणि दुकानात अर्धा तास चालवून पाहावे. लॅपटॉप असेल तर विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढून मूळ क्षमता व आजची क्षमता ताडून पाहावी. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात वजा मागावी.

उलट, ज्या नव्या कोऱ्या लॅपटॉपांची किंमत पाहून मोह होतो, त्यांपैकी अगदी स्वस्तांविषयी मी सावध करू इच्छितो. त्यांत कित्येकदा ६४ जीबीची ईएमएमसी साठवण आणि चार जीबी रॅम, दोन्ही डाखलेली असतात. ती पुढे वाढविता येत नाहीत. विंडोज ११ ला किमान तेवढेच लागते, म्हणजे वाढीला जागाच नाही. नवेच हवे असेल तर इंटेल एन १०० प्रोसेसरचा छोटा संगणक पाहावा. २०२३ साली आलेला हा प्रोसेसर अवघ्या ६ वॅटचा म्हणून नोंदलेला आहे. आपल्या कामास तो पुरेसा, आणि इन्व्हर्टरवर फार भार टाकीत नाही. (चिरंजीवांना खेळासाठी हवे असलेले यंत्र ही निराळी जात, त्या दोहोंचा हिशेब एकत्र करू नये.) जेथे वीज वारंवार जाते तेथे मेजावरच्या संगणकाबरोबर यूपीएसचा खर्च धरलाच पाहिजे. माहिती भरता भरता वीज गेली तर काय होते, हे येथे कोणास सांगावयास नको.

यंत्र बदलताना मराठी मजकुराची काळजी घ्यावी. श्री-लिपी किंवा कृतिदेव ह्या जुन्या फाँटांत टंकलेले दाखले आणि प्रश्नपत्रिका नव्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होऊन दिसतात, आणि शिक्षक समजतो की मजकूर गेला. तो गेलेला नसतो; फाँट नसतो. जुने यंत्र चालू आहे तोवरच ते फाँट उतरवून ठेवावे, आणि यापुढचे लेखन युनिकोडमध्ये करावे. त्यासाठी मराठीचा कळफलक विंडोजमध्येच असतो.

राहिली जुनी तबकडी. तिच्यावर आपल्या वर्गातील मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांची बँक खाती असतात. फाइल पुसली म्हणजे ती नाहीशी होते असे नाही. साध्या साधनांनी ती परत काढता येते. ज्या पालकाने विश्वासाने आपल्या पासबुकाची प्रत आपल्या हाती दिली, त्याची माहिती भंगारवाल्याच्या हाती जाऊ देणे योग्य नव्हे. म्हणून जुना संगणक विकताना किंवा बदल्यात देताना तबकडी काढून घरी ठेवावी. यूएसबीच्या डबीत बसविली की ती दुसऱ्या प्रतीसाठी उपयोगी पडते. अगदीच निकामी झाली असेल, तर संपूर्ण पुसून किंवा फोडून ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी.

आपापल्या यंत्रांचे क्रमांक ज्यांनी टिपून आणले असतील, त्यांनी चहाच्या सुटीत मजकडे यावे.