उद्याचे यंत्र : पिढ्यापिढ्यांच्या कल्पनेतील
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



चालकांनी 'उद्याचे यंत्रयुग' हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा उद्या काय होणार हे आम्ही सांगावे अशी त्यांची अपेक्षा असावी. ते काम ज्योतिषांचे आहे व ते त्यांजकडेच राहो. होऊन गेलेल्या पिढ्यांनी उद्याची जी चित्रे रंगविली ती शेजारी शेजारी मांडून पाहावीत, एवढाच आमचा बेत आहे. दुपारच्या सभेत शिष्यवृत्ति-निधीसंबंधी जो ठराव यावयाचा आहे, त्याच्याशी या चित्रांचा निकट संबंध आहे.

१८९९ ते १९१० या काळात फ्रान्समध्ये जां-मार्क कोते व इतर चित्रकारांनी 'इ. स. २०००' या कल्पनेवर चित्रांची एक माला काढली. तीत आग विझविणारे बंबवाले पंख लावून उडतात. शाळामास्तर ग्रंथ उचलून यंत्राच्या तोंडात घालतात, आणि त्यांतील विद्या तारांवाटे मुलांच्या डोक्यांत उतरते. (ही सोय झाली असती तर आपल्या शिक्षणसमितीचे बरेच काम वाचले असते!) एका चित्रात विजेवर चालणारे यंत्र फरशी घासत आहे. मौज अशी की, ते यंत्र चालविण्यासाठी उभी आहे ती मोलकरीणच. चित्रकाराच्या कल्पनेने शंभर वर्षांची उडी मारली, पण मोलकरीण जागची हलली नाही. शिवाय, आपण विणकर असल्यामुळे आमच्या नजरेतून हेही सुटले नाही की, चित्रांतील माणसांचे कपडे १९०० सालचेच आहेत.

त्याच सुमारास, १९०५ साली, मद्रासच्या एका इंग्रजी स्त्रीमासिकात 'सुलतानाज ड्रीम' नावाची कथा प्रसिद्ध झाली. लेखिका बंगालच्या रोकेया सखावत हुसेन. त्यांच्या कल्पनेतील देशात राज्य स्त्रिया चालवितात व पुरुष घरात पडद्याआड राहतात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, पाणी थेट ढगांतून घेतले जाते, वाहने आकाशातून जातात आणि दिवसाकाठी दोन तास काम पुरते. काळ एकच, पण चूल ज्यांच्या वाट्याला आली होती त्यांतील एका बाईने उद्याचे चित्र काढले, तेव्हा चुलीचा धूर सर्वांआधी गेला आणि मोलकरीण राज्यकर्ती झाली. उद्याचे चित्र कोण काढतो यावर त्यात काय दिसणार हे ठरते, असे आम्हांस वाटते ते यामुळेच.

आता आपल्या घराकडे वळू. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. हाताने धोटा फेकून ज्यांचे खांदे दुखत होते, त्यांना उद्याचे सुख म्हणजे आपोआप धावणारा धोटा असे वाटले, यात नवल नाही. परंतु त्याच काळात दुसरेही एक चित्र होते, आणि त्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाही. १९२९ साली महात्माजींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लक्ष रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. अटी बारकाईने वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, खेड्यातील झोपडीत हाताने वा पायाने चालावे, एखाद्या स्त्रीला ते आठ तास फार श्रम न होता चालविता यावे, तेवढ्या वेळात त्याने सोळा हजार फूट सूत द्यावे आणि किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. गांधीजी यंत्राचे शत्रू होते असे म्हणणाऱ्यांनी हे वाचावे. यंत्र पाहिजेच होते, पण ते घरात मावणारे आणि घरच्यांच्या ताब्यात राहणारे. पारितोषिक कोणालाच मिळाले नाही.

लगेच १९३० साली अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी भाकीत केले की, शंभर वर्षांनी माणसाला आठवड्यास पंधरा तास काम पुरेल. मुदत भरण्यास आता फार दिवस उरलेले नाहीत. आपल्या यंत्रमाग-कामगारांना ही वार्ता कोणी सांगू नये हे बरे.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीचे स्वप्न भव्य होते. धरणे, पोलादाचे कारखाने, आणि १९५६ साली तुर्भ्यास सुरू झालेली 'अप्सरा' अणुभट्टी. त्या भव्यतेची टिंगल आम्ही करणार नाही. तिच्यामुळेच आपल्या घरांत दिवे लागले. मात्र पाण्याखाली गेलेली गावे त्या चित्रात कोणी काढली नव्हती. त्याच पिढीने गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची भाकरी असे मानून मुलांना मुंबईस धाडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणीकामगार संपावर गेले, आणि त्यांतील फार मोठ्या संख्येला ती भाकरी पुन्हा लाभली नाही.

पुढे संगणक आला. 'माग सोड आणि संगणक धर' असा उपदेश पुष्कळ घरांत झाला. उपदेश करणाऱ्यांना बहुधा ठाऊक नव्हते की, संगणकाच्या पूर्वजांत मागही आहे. फ्रान्समधील लियाँचे जाकार यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग सिद्ध केला. भोक असेल तेथे ताण्याचा धागा वर उचलला जावयाचा, नसेल तेथे खाली राहावयाचा, आणि नक्षी उमटावयाची. इंग्लंडात बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पत्ते घेतले. सुमारे चोवीस हजार पत्त्यांच्या आधारे रेशमात विणलेले जाकारांचे चित्र ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत. १८९० साली अमेरिकेची जनगणना अशाच भोकांच्या पत्त्यांवर मोजली गेली.

आजच्या मुलांकडे मात्र 'यांना स्वप्नेच नाहीत' अशी बोटे दाखविली जातात. हा आरोप आम्हांस मान्य नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मुले बोलतात तेव्हा पहिला प्रश्न 'आमचे काम राहील काय?' असा असतो, आणि दुसरा 'पाणी, हवा राहील काय?' असा. ज्यांच्या आजोबांची गिरणी बंद पडली, त्यांनी हे विचारू नये तर कोणी विचारावे? उडणाऱ्या बंबवाल्यांपेक्षा हे प्रश्न अधिक प्रौढ आहेत.

आता ठरावाविषयी. मसुद्यात असे शब्द आहेत की, निधीतून साहाय्य केवळ संगणक व कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखांच्या विद्यार्थ्यांस द्यावे. हेतू चांगला आहे, परंतु हे आपल्या वयाच्या माणसांनी काढलेले उद्याचे चित्र आहे, आणि निवडसमितीत पन्नाशीच्या आतील एकही सभासद नाही, स्त्री तर नाहीच. वस्त्ररसायन, शेतकी, परिचर्या वा हातमागाची नवी नक्षी शिकू पाहणाऱ्या मुलीने अर्ज कोठे करावा? म्हणून आमची दुरुस्ती अशी : मसुद्यातील 'केवळ' हा शब्द व शाखांची नावे गाळावीत, आणि समितीवर पंचवीस वर्षांखालील दोन सभासद घ्यावेत, त्यांत एक तरी मुलगी असावी. दुरुस्तीची लेखी प्रत चिटणीसांकडे दिली आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी सभेपूर्वी तीवर सही करावी, अशी विनंती आहे.