आभाळाचे दप्तर

२ जून २०२४ च्या रविवारी सरकारी कामासाठी मी बंगळूरात मुक्कामाला होतो. संध्याकाळी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. रस्त्यांचे ओढे झाले, जुनी जुनी झाडे उन्मळून पडली आणि बागांचे म्हणून ओळखले जाणारे ते शहर काही तास जागच्या जागी थबकले. पुढे वर्तमानपत्रातून कळले, की शहरच्या वेधशाळेत १११.१ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि जून महिन्यात एका दिवसात एवढा पाऊस तेथे पूर्वी कधी नोंदला गेला नव्हता. आधीचा उच्चांक १०१.६ मिलिमीटरचा होता. तो होता १६ जून १८९१ या दिवसाचा.

मला नवल वाटले ते या दुसऱ्या आकड्याचे. पाऊस काय, पडतच असतो. पण १३३ वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचा पाऊस कोणीतरी मोजला, लिहिला आणि जपून ठेवला, म्हणून तर कालच्या पावसाची थोरवी आज सांगता आली. मी सहज १०१.६ ला २५.४ ने भागून पाहिले. उत्तर आले बरोबर चार. म्हणजे त्या दिवशी कोणा अनाम निरीक्षकाने मोजपात्र डोळ्यांसमोर धरून चार इंच पाऊस वाचला आणि वहीत मांडला. पुढे इंच गेले, मिलिमीटर आले, राज्ये बदलली, परंतु त्याचे ते चार इंच दप्तरात शाबूत राहिले.

दप्तर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. महसूल खात्यातला एक सेवक आहे. जमिनीचे दप्तर असते तसे आभाळाचेही असते, आणि त्यातल्या एका आकड्यावर माणसाचे वर्ष उभे राहते किंवा बसते, हे मी अनुभवाने शिकलो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात काम करीत असताना ऐन काढणीच्या दिवसांत मोठा पाऊस झाला. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी समजतात, आणि मदतीचा पुढला विचार बहुतेक त्या आकड्यावर चालतो. शेजारच्या दोन्ही मंडळांत सत्तरच्या वर नोंद होती. या एका मंडळात ६१. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध शेतकरी कचेरीत आले. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त विचारले, “साहेब, पाऊस पडला माझ्या रानात आणि मोजला तुमच्या आवारात. खरा कोणता धरायचा?”

मी उठून पर्जन्यमापक पाहायला गेलो. तो बसवला तेव्हा शेजारी कडुनिंबाचे रोप असेल. आता त्या रोपाचा वृक्ष झाला होता आणि त्याची एक फांदी थेट मापकावर आली होती. “चार मिलिमीटरचा तर प्रश्न आहे, वहीत दुरुस्ती करून टाका,” असे कळकळीने सुचवणारेही भेटले. मी ती केली नाही. ६१ चा आकडा तसाच ठेवला, फांदीची हकीकत त्याच्या शेजारी लिहिली आणि पिकांच्या पाहणीसह अहवाल वर पाठवला. त्या हंगामात त्याचा उपयोग झाला नाही. त्या गृहस्थांची मुद्रा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. परंतु आकडा न बदलल्याचा पश्चात्ताप मला होत नाही. पश्चात्ताप होतो तो फांदी आधी न पाहिल्याचा.

पाऊस मोजण्याची रीत दिसायला अगदी साधी आहे. ठरावीक तोंडाचे एक नरसाळे, खाली बाटली, आणि खुणा केलेले काचेचे मोजपात्र. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर अडीच लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. एवढ्या पाण्याची साक्ष हातभर उंचीचे ते नरसाळे देते. म्हणून त्याचे तोंड जमिनीशी समांतर हवे, जागा मोकळी हवी आणि झाडे-भिंती त्यांच्या उंचीच्या निदान दुपटीइतक्या दूर हव्यात. तापमापक असतात पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत. तिला स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात. दीपगृहे बांधणारे अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनी ती योजली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचे चिरंजीव. वारा आत खेळावा, पण ऊन पाऱ्यावर पडू नये, एवढाच तिचा हेतू. आपल्याला मोजायची असते ती हवेची उष्णता, उन्हाची नव्हे.

वेळेचेही तसेच. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. त्या वेळी मोजलेला मागील चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर मांडला जातो. मुंबईचा २००५ चा प्रलय सर्वांना २६ जुलैचा म्हणून आठवतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतला ९४४ मिलिमीटरांचा तो आकडा मात्र २७ जुलैच्या सकाळी पुऱ्या झालेल्या चोवीस तासांचा आहे. हे ठाऊक नसले तर वर्तमानपत्र आणि वेधशाळा यांत एक दिवसाचा तंटा उगाच उभा राहतो.

आता उपकरणे खरे बोलतात हे कशावरून ठरवायचे? प्रत्येक उपकरण त्याच्याहून अधिक भरवशाच्या उपकरणाशी ताडून पाहावे लागते. या कामात बंगळूर आणि पुणे यांना जोडणारे एक नाव आदराने घेतले पाहिजे. अॅना मणी यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले, इंग्लंडात हवामानाच्या उपकरणांचे शिक्षण घेतले आणि १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. ही उपकरणे तोवर बहुतेक परदेशातून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले आणि ती देशात घडू लागली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. निवृत्तीनंतर त्या बंगळूरात राहिल्या आणि तेथेही वारा व ऊन मोजण्याचे काम त्यांनी चालू ठेवले.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्य कार्यालय कलकत्त्याहून सिमल्याला, तेथून १९२८ मध्ये पुण्याला आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेले. पण दप्तर पुण्याला आहे. देशभरच्या नोंदी तेथील राष्ट्रीय विदा केंद्रात जमा होतात आणि तेथे त्यांची उलटतपासणी होते. दिवसाचे कमाल तापमान त्याच दिवशीच्या कोणत्याही वेळच्या तापमानाहून कमी कसे? ओल्या कापडाचा तापमापक कोरड्याहून अधिक कसा दाखवतो? चारही बाजूंच्या केंद्रांवर उघडीप असताना येथेच एवढा पाऊस कोठून आला? एखादा चाणाक्ष वकील साक्षीदाराला विचारील तसे हे प्रश्न आहेत. उच्चांक म्हटला की प्रश्न आणखी कडक होतात.

मे २०२४ च्या अखेरीस याची दोन बोलकी उदाहरणे घडली. २९ तारखेला दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस दाखवले. राजस्थानातील फलोदीचा १९ मे २०१६ चा ५१ अंशांचा राष्ट्रीय उच्चांक मोडला, अशी हाकाटी झाली. खात्याने प्रमाणित उपकरण तेथे नेऊन ताडून पाहिले, तेव्हा ते केंद्र तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. त्याच सुमारास नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. ज्या शहराचा मे २०१३ चा उच्चांक ४७.९ आहे, तेथे हा आकडा म्हणजे जवळजवळ जगाच्या उच्चांकाशी बरोबरी. तोही दोष संवेदकाचाच ठरला.

जगाच्या उच्चांकाचीही अशीच कथा आहे. लिबियातील अल अझीझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश तापमान नोंदले गेले आणि नव्वद वर्षे ते पाठ्यपुस्तकांत राहिले. जागतिक हवामान संघटनेच्या समितीने मूळ वही काढून तपासली, तेव्हा नवख्या निरीक्षकाने तापमापकातील दर्शकाचे भलतेच टोक वाचले असावे, असा निष्कर्ष निघाला. २०१२ मध्ये तो उच्चांक रद्द झाला आणि मान अमेरिकेतील डेथ व्हॅलीच्या १० जुलै १९१३ च्या ५६.७ अंशांकडे गेला. ही चूक नव्वद वर्षांनी सापडली, कारण वही जपलेली होती आणि तिच्यात कोणी खाडाखोड केली नव्हती.

उच्चांक हा शहराचा नसतो, केंद्राचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. २००५ च्या त्याच दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७४ च्या आसपास होता. बंगळूरातही शहरची वेधशाळा, जुना विमानतळ आणि देवनहळ्ळीचा नवा विमानतळ अशा नोंदी वेगवेगळ्या ठेवतात. एकीचा उच्चांक दुसरीच्या नावावर चढवणे म्हणजे एकाचा सातबारा दुसऱ्याच्या नावे करणे होय. त्याचप्रमाणे केंद्राचा इतिहासही जपावा लागतो. म्हैसूर संस्थानाने सेंट्रल कॉलेजचे प्राचार्य जॉन कुक यांच्या देखरेखीखाली वेधशाळा सुरू केली ती १८९२ च्या सुमारास. शहराचा ७.८ अंशांचा नीचांक मात्र जानेवारी १८८४ चा, म्हणजे त्या व्यवस्थेच्या आधीचा. हा आकडा फॅरनहाइटमध्ये मांडला की ४६ होतो. आणि १९३१ चा ३८.९ अंशांचा उच्चांक १०२. तो पुढे एप्रिल २०१६ मध्ये ३९.२ अंशांनी मागे टाकला. जुने आकडे आपले मूळ माप असे अंगावर वागवीत असतात. ते ओळखता आले पाहिजे.

दप्तर जपायचे तसे ताजेही ठेवायचे असते. “सरासरीहून कमी” किंवा “अधिक” असे आपण म्हणतो, तेव्हा ती सरासरी कोणत्या वर्षांची हा प्रश्न उरतोच. देशाच्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची सरासरी १९६१ ते २०१० या काळावरून ८८०.६ मिलिमीटर धरीत. २०२२ मध्ये १९७१ ते २०२० या काळावरून ती ८६८.६ झाली. म्हणजे ८७० मिलिमीटरांचा एकच पावसाळा जुन्या मापाने किंचित उणा आणि नव्या मापाने किंचित अधिक ठरेल. पाऊस तोच, आपली पट्टी सरकली. शिवाय पाऱ्याचे विष ओळखून झालेल्या मिनामाता करारामुळे पाऱ्याचे तापमापक आता मागे पडत आहेत. अशा वेळी जुने व नवे उपकरण काही काळ शेजारी शेजारी चालवावे लागते. नाही तर उपकरणातला बदल आपण हवेतला बदल समजून बसू.

बंगळूरला मी गेलो होतो तो याच विषयासाठी. तेथे येलहंक्याला राज्याचे नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र आहे. १९८८ मध्ये दुष्काळावर नजर ठेवणारा एक लहान कक्ष म्हणून ते सुरू झाले. आता कर्नाटकात सहा हजारांवर स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. जवळजवळ ग्रामपंचायतीगणिक एक. आपल्याकडेही महावेध प्रकल्पातून महसूल मंडळागणिक केंद्रे उभी राहिली. त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाला हे उत्तराचे पहिले पाऊल आहे: मोजणारे यंत्र रानाच्या जवळ नेणे. पण मुंगेशपूर आणि नागपूर आपल्याला सांगतात, की यंत्रे वाढली म्हणून माणसाची नजर हटवता येत नाही. जाळीत पाला अडकला आहे का, कोळ्याने जाळे विणले आहे का, फांदी वाढली आहे का, हे कोणीतरी जाऊन पाहावेच लागते.

येलहंक्याहून परतलो तो पावसाळा तोंडावर आला होता. पहिले काम केले ते तालुक्या-तालुक्याला पत्र पाठवण्याचे. त्यात एकच विचारले होते: आपल्या पर्जन्यमापकाशेजारी कोणते झाड आहे आणि आज त्याची उंची किती?