ओंडका, ट्रक आणि इंजिनाचे बळ

(बेळगाव-निपाणी परिसरातील शेतकरी, वाहनधारक, श्रमिक व शिक्षक यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेळगावहून खानापूर-लोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूस, तसेच चंदगड व आजऱ्याकडून उतरणाऱ्या वाटांवर, पावसाळा सरला की लाकूड भरण्याचे दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा असतो. त्याचा बाजूचा फाळका खाली सोडलेला असतो. हौद्याच्या कडेला दोन जाड वासे तिरपे टेकवलेले असतात आणि त्यांवरून सात-आठ माणसे एकेक ओंडका वर ढकलीत असतात. दोघे हौद्यात उभे राहून दोर ओढतात, बाकीचे खालून खांदा लावतात आणि एकजण पहार किंवा पाचर घेऊन ओंडक्यामागे सरकत राहतो. आवाज एकच असतो, सर्वांनी मिळून दिलेल्या हुंकाराचा. या कामात कौशल्य आहे, एकजूट आहे. परंतु दोर निसटला तर खालच्या माणसास बाजूला होण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. पाचर धरणारा माणूस तर ओंडक्याच्या अगदी वाटेत असतो. हे काम इंजिनाकडून करून घेता येते काय आणि या भागास परवडेल अशा रीतीने येते काय, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

प्रथम वजनाचा हिशेब पाहणे इष्ट ठरेल. चार मीटर लांबीचा आणि ५० सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे १५७ सेंटीमीटर घेराचा ओंडका घेतला तर त्यात पाऊण घनमीटराहून थोडे अधिक लाकूड भरते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला ९०० किलो धरले, तर हा एकटा ओंडका ७०० किलोच्या आसपास जातो. तो सहा माणसांनी उचलावयाचे म्हटले तर प्रत्येकाच्या वाट्यास ११५ किलोहून अधिक भार येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुष श्रमिकाने एका वेळी हाताने वाहावयाच्या भाराची मर्यादा ५५ किलो सुचविली आहे. म्हणजे ही सहा माणसे शिफारशीच्या दुप्पट भार घेतात आणि तोही दिवसातून अनेक वेळा.

येथे कोणी म्हणेल की, जंगलतोड आता राहिलीच कोठे? प्रश्न रास्त आहे. १९८० चा वन संवर्धन अधिनियम, १९८८ चे राष्ट्रीय वननीती धोरण आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश यांमुळे नैसर्गिक वनांतील तोडीवर कडक निर्बंध आले. खानापूर तालुक्यातील घनदाट पट्ट्यात आज भीमगड अभयारण्य आहे. परंतु लाकडाची गरज थांबली नाही. लाकूड येण्याची ठिकाणे तेवढी बदलली. शेताच्या बांधावरील साग, आंबा, फणस, बाभूळ, तसेच लागवडीतील निलगिरी व अकेशिया हे आता वखारीकडे किंवा दांडेलीच्या कागद कारखान्याकडे जातात. वखारींत परदेशातून बंदरामार्गे आलेले अजस्र ओंडकेही दिसतात. पूर्वी एका कुपात शेकडो ओंडके एका जागी रचलेले मिळत. आज चार बांधांवरून दहा-बारा ओंडके गोळा करावे लागतात. यंत्र कोणते निवडावे याचा निर्णय या एका बदलावर अवलंबून आहे आणि बहुधा त्याचाच विचार होत नाही.

आता तिरप्या वाशांच्या जुन्या पद्धतीकडे पुन्हा वळावे, कारण तिच्यात असलेले शहाणपण आजही उपयोगी आहे. अनुभवी माणसे दोराचे एक टोक हौद्याला बांधतात, दोर ओंडक्याच्या खालून घेऊन त्याला वळसा देतात आणि दुसरे टोक वरून ओढतात. अशा वेळी ओंडका स्वतःच एक फिरती कप्पी बनतो. दोर दोन हात ओढावा तेव्हा ओंडका एक हात चढतो, पण ओढ निम्मीच लागते. वासे हौद्याच्या उंचीच्या तिप्पट लांब घेतले तर उताराने भार एकतृतीयांशावर येतो आणि वळशाने त्याचाही अर्धा होतो. अशा रीतीने ७०० किलोच्या ओंडक्यास सुमारे १२० किलोची ओढ पुरते; घर्षणासाठी आणखी थोडी धरावी. शाळेत हा प्रयोग सहज दाखविता येईल. एक तिरपी फळी, एक गोल डबा, सुतळी आणि ताणकाटा एवढे साहित्य पुरे. डबा फळीवर सरळ ओढून एकदा काटा वाचावा, सुतळीचा वळसा देऊन दुसऱ्यांदा वाचावा. कप्पीचा धडा मुलांना फळ्यावरील आकृतीपेक्षा या डब्याने लवकर उमगेल.

या १२० किलोच्या ओढीसाठी इंजिन केवढे हवे? लाकूड ओढण्यास इंजिन लावण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जॉन डॉल्बियर याने १८८१ साली वाफेच्या इंजिनावर चालणारा रहाट रचून प्रचंड ओंडके ओढून काढण्यास आरंभ केला. त्याच दशकात, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यातून कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांचा उद्योग उभा राहिला आणि १९१० साली तो किर्लोस्करवाडीस गेला. याच घराण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स या कंपनीची स्थापना १९४६ साली पुण्यात झाली. तिची डिझेल इंजिने गावोगावच्या विहिरींवर बसली. विहिरीवरील असे पाच अश्वशक्तीचे इंजिन आपला ओंडका ट्रकवर चढवू शकेल काय, याचे उत्तर हिशेबाने देता येते.

ट्रॅक्टरच्या पाठीमागे फिरणारा जो दांडा असतो, ज्यास चालक पी. टी. ओ. म्हणतात, तो मिनिटास ५४० फेरे घेतो. त्यापुढे चाळीसास एक या प्रमाणात वेग उतरविणारी दातेरी पेटी जोडली, तर दोर गुंडाळणारे २० सेंटीमीटर व्यासाचे पिंप मिनिटास साडेतेरा फेरे घेईल आणि सुमारे साडेआठ मीटर दोर ओढेल. वासे साडेतीन मीटर लांब असतील तर वळशाच्या पद्धतीत सात मीटर दोर लागतो. म्हणजे ओंडका एका मिनिटाच्या आत हौद्यात येतो. यासाठी प्रत्यक्ष ओढीत खर्च होणारी शक्ती पाव अश्वशक्तीच्या घरात आहे. पेटीत निम्मीअधिक वाया गेली तरी एक अश्वशक्ती पुरेशी होते. दोन टनांचा ओंडका धरला तरी विहिरीवरील इंजिनाच्या आवाक्याबाहेर तो जात नाही. खर्च येतो तो इंजिनाचा नव्हे, तर चांगली पेटी, मजबूत ब्रेक आणि पोलादी दोर यांचा. आणि काटकसर नेमकी तेथेच केली जाते, ही खेदाची बाब होय.

ट्रकच्या स्वतःच्या इंजिनावरही असा रहाट चालविता येतो. टिपर गाडीचा हौदा ज्या जोडणीने उचलला जातो, त्याच जोडणीवर रहाटाचे पिंप बसते. गाडी जेथे जाईल तेथे यंत्र सोबत जाते, हा त्याचा मोठा लाभ.

इंजिनाने ओढ घेतली म्हणजे धोका संपला असे मात्र नाही. माणसांच्या हातातील दोर अडला तर माणसे थांबतात. इंजिन थांबत नाही. ताणलेला पोलादी दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो. म्हणून दोराच्या रेषेत अथवा त्याच्या वळशाच्या आत कोणी उभे राहता कामा नये. दोराच्या तारा उसवल्या असतील तर गाठ मारून काम भागवू नये. वाशांच्या वरच्या टोकास हौद्यात अडकणारे लोखंडी आकडे असावेत आणि वाशांवर अंतराअंतराने ओंडका मागे घसरू न देणारे दाते असावेत. त्यामुळे पाचर धरणाऱ्या माणसाची गरजच उरत नाही. रहाटाचा सर्वांत मोठा उपकार हाच. ओंडक्याचा बुंधा जाड व शेंडा बारीक असल्याने चढताना बुंध्याची बाजू पुढे धावू पाहते. तशा वेळी दोर सैल न सोडता ब्रेक लावून थांबावे आणि बाजूने, खालून कदापि नव्हे, लांब पहारेने ओंडका सरळ करावा. इशारा देणारा माणूस एकच असावा. दहाजणांच्या "थांब, थांब" या ओरड्यात चालकास काहीच ऐकू येत नाही.

याहून पुढची पायरी म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यांत्रिक भुजा. स्वीडनमधील हुडिक्सवाल या गावी स्की तयार करणारे एरिक सुंदिन यांनी १९४४ साली हियाब ही कंपनी काढली. ट्रकच्या इंजिनाचेच बळ घेऊन तेलाच्या दाबाने भार उचलावयाचा, ही तिची मूळ कल्पना. आज जगभर लाकूड, विटा, यंत्रे भरणाऱ्या ट्रकांवर अशी घडीची भुजा दिसते आणि लाकडासाठी तिच्या टोकास पंजा असतो. तिचे रहस्य सोपे आहे. १० सेंटीमीटर व्यासाच्या सिलिंडरात दट्ट्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर होते. त्यावर दर चौरस सेंटीमीटरला १५० किलो दाब दिला, तर जवळजवळ पावणेबारा टनांचा रेटा मिळतो. हे पंप, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर परदेशातूनच आणावे लागतील असा समज असेल तर तो दूर व्हावा. बेळगाव हे या उद्योगाचे देशातील एक नामांकित केंद्र आहे. सुरेश हुंदरे यांनी १९८१ साली सुरू केलेल्या पॉलिहायड्रॉनसह उद्यमबाग व मच्छे परिसरातील कारखान्यांनी तो लौकिक मिळविला आहे.

भुजेच्या बाबतीत एक गोष्ट चालकाने कधीही विसरू नये. भुजा जितकी लांब पसरावी तितकी तिची उचलण्याची ताकद घटते. पाच टन-मीटर क्षमतेची भुजा दोन मीटर अंतरावर अडीच टन उचलते, पण पाच मीटरवर एक टनच. भुजेचे स्वतःचे वजन धरले तर त्याहूनही कमी. ओंडका दूर आहे म्हणून भुजा ताणण्यापेक्षा ट्रक जवळ घ्यावा. बाजूस टेकावयाचे लोखंडी पाय पूर्ण बाहेर काढल्याशिवाय काम सुरू करू नये. निपाणीकडील काळ्या जमिनीत, विशेषतः पावसानंतर, हे पाय रुततात आणि गाडी कलते. त्यांखाली जाड, रुंद फळ्या घालाव्यात. खानापूरकडील तांबडी, जांभ्याची जमीन त्या मानाने घट्ट, परंतु तेथे उतार फसवा असतो. आणि वर विजेची तार असेल तर जागाच बदलावी. बांधावरील झाडे आणि शेतपंपाच्या तारा बहुधा शेजारी शेजारीच असतात.

मग या भागास योग्य काय? मोठ्या वखारीस, जेथे दररोज गाड्या येतात, तेथे भुजा अथवा काटेरी उचलयंत्र परवडेल. परंतु दहा-बारा ओंडके विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी, आणि त्याच्याकडून ते घेणाऱ्या लहान व्यापाऱ्यासाठी, वासे, वळसा आणि इंजिनाचा रहाट हीच जोडी अधिक सोयीची. ती दिसण्यात आधुनिक नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते एवढेच. गावच्या सहकारी सेवा सोसायटीने ट्रॅक्टरला जोडावयाचा एक रहाट घेऊन भाड्याने दिला, तर तो हंगामात ओंडक्यांस आणि एरवी विहिरीतील पंप वर काढण्यास, रुतलेली बैलगाडी ओढण्यास उपयोगी पडेल.

राहता राहिला त्या सात-आठ माणसांचा प्रश्न, आणि तो यंत्राच्या किमतीपेक्षा मोठा आहे. रहाटावर तीन माणसे पुरतात. उरलेल्यांनी कोठे जावे? निपाणीच्या आसपासची अनेक कुटुंबे हंगामाप्रमाणे तंबाखूच्या वखारीत, उसाच्या फडात आणि लाकडावर अशी आळीपाळीने राबतात. त्यांतील एक काम गेले तर वर्षाचा मेळ विस्कटतो. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियमाच्या अनुसूचीत लाकूडबाजारातील चढउताराच्या कामाचा समावेश आहे. परंतु तो कायदा राज्यापुरता आहे. कागल अथवा चंदगडकडे भरलेला ट्रक निपाणीत वा बेळगावात रिकामा होतो, तेव्हा तोच ओंडका हाताळणारा खालचा माणूस त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर असतो. म्हणून यंत्र आणणाऱ्याने आधी टोळीशी बोलावे. टोळीचा दर ओंडक्यावर ठरलेला असतो, माणसांवर नव्हे. तो दर एकदम खाली न आणता यंत्राचे भाडे वजा करून उरलेली रक्कम टोळीतच वाटली, तर दिवसाला अधिक गाड्या भरता येतात आणि कोणाची मजुरी बुडत नाही. रहाटाचा चालकही त्याच टोळीतून निवडावा. ओंडका कोणत्या बाजूस लोळेल हे त्यास पाहताक्षणी कळते. नव्या यंत्रचालकास ते शिकण्यास एक हंगाम लागतो.

भरलेल्या गाडीविषयी थोडेसे. जाड ओंडके तळाशी व मध्यभागी, बारीक वर आणि बुंधे आलटून पालटून ठेवावेत. दोन्ही बाजूंचे खुंट ओंडक्यांच्या थरापेक्षा उंच असावेत. साखळी गाडी निघण्यापूर्वी आवळावीच, पण पाच-दहा किलोमीटरवर पुन्हा थांबून तपासावी, कारण हादऱ्यांनी ओंडके बसतात आणि साखळी सैल पडते. तवंदी घाटात वळणावर माल सरकला तर चालकाच्या हाती काही उरत नाही. ओंडक्यांच्या तोंडावरील शिक्के मागून दिसतील अशी रचना केली तर तपासणी नाक्यावरही खोळंबा होत नाही.

गाडी उतरविताना तर अधिकच सावध असावे, कारण उतरविणे हे सोपे काम समजले जाते. प्रवासात माल एका बाजूस झुकलेला असतो आणि सर्व भार त्या बाजूच्या खुंटांवर येतो. घाईने त्याच बाजूचे खुंट काढले की ओंडके एकदम सुटतात. आधी गाडी सपाट जागी लावावी, माल कोणीकडे झुकला आहे ते दोन्ही टोकांकडून पाहावे, रहाटाचा दोर अथवा भुजेचा पंजा वरच्या ओंडक्यांना लावून ते धरून ठेवावेत आणि मगच साखळी सोडावी. खुंट काढणारा माणूस गाडीच्या बाजूस नव्हे, तर पुढच्या किंवा मागच्या टोकास उभा असावा, आणि त्याच्या हातातील पहार लांब दांड्याची असावी.