सिस्टरच्या बोलण्याला बळ कोण देणार?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. कोविडच्या दोन्ही लाटांत माझ्या वॉर्डातल्या बहुतेक नर्स पंचविशीच्या आतल्या होत्या. नर्सच्या त्यागावर तुम्ही पुष्कळ भाषणं ऐकली असतील. आज मी त्यांच्या बोलण्याविषयी सांगणार आहे. साथीत नर्सला काय बोलावं लागतं, आणि ते बोलायचं बळ तिला कुठून मिळतं?

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता देशाने टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. त्यानंतर अनेक शहरांतून नर्सना भाड्याची खोली सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. म्हणून २२ एप्रिलला केंद्र सरकारने अध्यादेश काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात बदल केला. हल्ला करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत, गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद. हा कायदा हवाच होता. पण रात्री दोन वाजता वॉर्डाच्या दारात चिडलेल्या, रडणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे कायदा शिकवत नाही.

तेव्हा नातेवाइकांना आत सोडत नव्हते. डॉक्टर राउंड घेऊन पुढच्या वॉर्डात जायचे. रुग्णापाशी उरायची ती नर्स. घरचा निरोप रुग्णाला आणि रुग्णाचा निरोप घरी तिनेच पोचवायचा. त्यात ती पीपीई किटमध्ये. चेहरा दिसत नाही, आवाज मास्कमध्ये अडकतो. म्हणून आम्ही किटवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहायला लागलो. नाव वाचता आलं की रुग्ण हाक मारायचा आणि तिथून बोलणं सुरू व्हायचं.

नुसतं ‘घाबरू नकोस’ म्हणून कोणाला धीर येत नाही. आमच्याकडे तीन गोष्टींचा उपयोग झाला.

पहिली, ड्युटी सुरू होताना दहा मिनिटं एकत्र उभं राहणं. नियम सारखे बदलत होते. आज काय बदललं आणि लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, हे सगळ्यांना एकदम कळायचं. ‘माहीत नाही’ म्हणायची मुभाही मी सगळ्यांना दिली होती, पण पुढचं वाक्य ठरलेलं: “डॉक्टरांना विचारून पाच वाजता फोन करते.” आणि पाचला फोन करायचाच.

दुसरी, डॉक्टरांना न कचरता सांगणं. त्यासाठी ‘एसबार’ नावाची चार पायऱ्यांची पद्धत आहे: आत्ता काय झालं, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. रोज दोघी-दोघी मिळून सराव करायच्या. “सर, सात नंबरच्या आजींचं सॅच्युरेशन तासाभरात ९४ वरून ८८ वर आलंय. त्यांना मधुमेह आहे, काल दाखल झाल्या. ऑक्सिजन वाढवूनही फरक नाही, तब्येत बिघडतेय असं वाटतं. तुम्ही आत्ता येऊन बघा.” जी मुलगी आधी “सर, जरा येता का?” एवढंच म्हणायची, तीच महिन्याभरात असं स्पष्ट बोलायला लागली.

तिसरी, वाईट बातमी एकटीने द्यायची नाही. सोबत एक सीनियर असायचीच. नंतर दोघी पाच मिनिटं बसायच्या, पाणी प्यायच्या, मगच पुढच्या कामाला लागायच्या.

आता आपल्या घरांशी थेट संबंध असलेली गोष्ट. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने परिपत्रक काढलं, की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. त्याच दिवशी ते बदललं गेलं. पण धास्ती मोबाइलवरून गावोगाव पोचली. आमच्या दारात लोक विचारायचे, “सिस्टर, अब्बांना जाळणार का?”

खरं तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्चच्या सूचना स्पष्ट होत्या. मृतदेहाला आंघोळ घालता येणार नाही, मिठी मारता येणार नाही. पण कर्मचाऱ्यांनी बॅगेची चेहऱ्याकडची चेन उघडून घरच्यांना शेवटचं दर्शन देता येईल. स्पर्श न करता धार्मिक पठण करता येईल. दफनालाही मनाई नव्हती. पुढे २२ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या दफनाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या.

आम्ही त्या सूचनांची सोप्या मराठीत आणि आपल्या घरच्या उर्दूत एक चिठ्ठी करून टेबलावर चिकटवली. मग नर्स सांगू शकायची, “भाईजान, गुस्ल देता येणार नाही, याचं मलाही वाईट वाटतं. पण तुम्ही चेहरा बघू शकता, लांबून दुआ पढू शकता आणि दफनच होणार आहे.” दुःख कमी व्हायचं नाही. पण माणूस ऐकायचा, आणि सांगणारीचा आवाज कापायचा नाही. नियमात काय बसतं हे तिला माहीत नसतं, तर ती सगळ्यालाच ‘नाही’ म्हणाली असती आणि दारात भांडण झालं असतं.

पुढची साथ केव्हा येईल सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही मोहल्ल्यात चार कामं करू शकता.

एक, प्रत्येक रुग्णाच्या घरातून एकाच माणसाने रुग्णालयाशी बोलायचं. पंधरा नातेवाइकांचे पंधरा फोन घेण्यात नर्सचा रुग्णाजवळचा वेळ जातो. दोन, परराज्यांतून आलेल्या नर्सना मराठी किंवा आपली बोली समजत नसेल, तर फोनवर दुभाषा होणाऱ्या मुला-मुलींची यादी वॉर्डात देऊन ठेवा. तीन, मय्यतीविषयी मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी सरकारी सूचना वाचा. त्या इमामसाहेबांना आणि कब्रस्तानच्या ट्रस्टींनाही दाखवा. चार, तुमच्या गल्लीत नर्स राहत असेल तर तिच्या घरमालकाशी आधीच बोलून ठेवा.

आणखी एक सांगते. आपल्या काही घरांत अजूनही मुलीला नर्सिंगला पाठवायला “रात्रपाळी असते” म्हणून नकार मिळतो. त्या दिवसांत रात्रपाळीला आपली भाषा बोलणारी एक मुलगी वॉर्डात असली की तीस खाटांना धीर यायचा. तुमच्या बहिणीला या शिक्षणाला जायचं असेल, तर घरात तिच्या बाजूने बोला.